घासाघीस करावी कीं न करावी?

आपल्या वाचकांपैकीं बहुतेक खेड्यांत राहणारे आहेत, आणि बाजार म्हटला म्हणजे आपण त्याकडे विकणाराच्या बाजूनें पाहतों. भाजी, दूध, अंडीं, क्वचित् चार पोतीं बाजरी घेऊन आपण शहराकडे जातों आणि शहर देईल तो भाव घेऊन परत येतों. त्यामुळें शहरचा गिऱ्हाईक हा मोठा कद्रू व घासाघीस करणारा मनुष्य आहे अशी आपली समजूत झालेली असते, व ती सर्वस्वीं चुकीची आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु गेल्या हिवाळ्यांत एकाच दिवशीं मला या बाजाराच्या दोन्ही बाजूंस उभें राहण्याचा प्रसंग आला. पहांटे मी विकणाराचा कैवारी होतों. आठ वाजतां मी स्वतःच तो गिऱ्हाईक झालों. त्या चार-पांच तासांत जें घडलें तें मला भूषणावह नाहीं. तरी त्यावरून जो प्रश्न निघाला तो आपणां सर्वांचा आहे, म्हणून येथें मांडतों.

हकीकत अशी. मला कांहीं कामानिमित्त पुण्यास जावयाचें होतें. शेजारच्या मळ्यांतील शेतकऱ्याची मेथी त्याच रात्रीं टेंपोनें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत जाणार होती. "पाळकसाहेब, एस्टीला कशाला पैसे घालतां? चला आमच्याबरोबर," असें तो म्हणाला, आणि मी निघालों. त्या दिवशीं दुपारपासून सहा बायका त्याच्या वाफ्यांत वाकलेल्या मीं पाहिल्या होत्या. मेथी उपटावयाची, मुळांची माती झटकावयाची, मूठ सारखी करून जुडी बांधावयाची; हें काम दिसतें तितकें हलकें नाहीं, व दिवस मावळेपर्यंत पाठ सरळ होत नाहीं. एकूण आठशें जुड्या झाल्या. त्यांवर पाणी शिंपडून ओलें बारदान झांकलें, आणि रात्रीं जेवून आम्ही गांव सोडलें.

पहांटे तीनच्या सुमारास यार्डांत पोहोंचलों. ज्यानें ही जागा त्या वेळीं पाहिली नाहीं त्यानें एकदां अवश्य पाहावी. सगळें शहर निजलेलें, आणि येथें मात्र भर दुपारसारखा उजेड व गलबला. दोहों बाजूंनीं लागलेले टेंपो, पाठीवर पोतीं घेऊन वाट मागत धांवणारे हमाल, पायांखालीं चेंगरलेल्या पानांचा चिखल, आणि कोथिंबीर, शेपू, मेथी यांचा एकवटलेला ओला वास. पालेभाजीचा भाव येथें शेकड्यावर होतो. त्या दिवशीं मेथीची आवक फार होती. हवा चांगली पडल्यामुळें सगळ्यांचीच मेथी एकदम काढणीस आली होती. भाव शेकडा ४०० रुपये निघाला. आमचा अडत्या उर्मट नव्हता, कीं त्यानें कांहीं लबाडी केली असेंहि मला दिसलें नाहीं. त्यानें आपण होऊन दुसऱ्यांच्या पट्ट्या दाखविल्या. त्यांवरहि तोच आंकडा होता. अडतीची रक्कमहि पट्टींतून कापली नव्हती. फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें २०१६ सालीं राज्यांत ठरलेलें आहे.

तरी हिशेब पाहा. आठशें जुड्यांचे ३,२०० रुपये. सहा बायकांची मजुरी, प्रत्येकीस ३०० प्रमाणें, १,८००. टेंपोचें भाडें ७००. हमाली व किरकोळ १००. उरले ६०० रुपये. त्यांत बियाणें, खत, पाणी, विजेचें बिल, आणि नवराबायकोची महिन्याभराची मेहनत. शेतकऱ्यानें पट्टीची घडी करून खिशांत घातली व म्हणाला, "मागच्या खेपेला दोनशेंनीं गेली होती. आज बरी म्हणायची."

त्याच्या या 'बरी'चा मला फार राग आला. राग कोणाचा, हें मात्र कोणी विचारलें असतें तर सांगतां आलें नसतें. अडत्याचा नव्हे, हमालाचा नव्हे. मग शहराचा असेल. चार रुपयांस जुडी! ज्या शहराला दोन वेळची भाजी हवी त्याला ती पिकविणाऱ्याची लाज वाटूं नये काय, असें मी त्याला तावातावानें बोललों. तो बिचारा जांभई देत होता. निघतांना त्यानें दोन जुड्या माझ्यासाठीं काढून ठेविल्या, पण त्याच्या मालांतून फुकट घेणें मला बरें वाटलें नाहीं, म्हणून मीं त्या घेतल्या नाहींत. येथपर्यंत माझें वर्तन वाखाणण्यासारखें होतें.

माझें काम अकरा वाजतां होतें. यार्डांत एका बांकावर थोडा वेळ डुलकी घेऊन, उजाडल्यावर स्वारगेटावरून शिवाजी रस्त्यानें मी पायींच मंडईकडे गेलों. ज्यांच्या घरीं उतरावयाचें त्यांच्याकडे रिकाम्या हातानें जाऊं नये, कांहीं भाजी घ्यावी, असा विचार होता.

मंडईची इमारत वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मधोमध उंच अष्टकोनी दगडी मनोरा, आणि त्यापासून चहूंकडे फुटलेल्या लांब पाख्या. ही १८८६ सालीं उघडली, व त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवावरून तिला रे मार्केट म्हणत असत. घाऊक व्यापार आतां गुलटेकडीस चालतो. येथें किरकोळ विक्री होते. तरी ओळीनें मांडलेल्या भाजीच्या त्या राशी पाहून खेड्यांतील मनुष्य अजूनहि क्षणभर उभा राहतो. आपल्या शेतांत जी भाजी मातकट दिसते ती येथें धुऊन, रचून, पाणी शिंपडून अशी मांडलेली असते कीं आपणांसच ओळखूं येऊं नये. पुणेंकर या जागेस थट्टेनें मंडई विद्यापीठ म्हणत आले आहेत. येथें शिकविलें जाणारें मराठी आपल्या पाठ्यपुस्तकांत सांपडणार नाहीं, हें मात्र खरें.

या इमारतीच्या इतिहासांत एक गोष्ट आहे ती मला त्या सकाळीं विशेष आठवली. जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा मोठा खर्च करण्यास त्यांनीं विरोध केला. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. १८८३ मध्यें पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, गाडीभर माळवें घेऊन शहरांत येणाऱ्या कुणब्याची जकातीनें व खर्चानें कशी दशा होते, हेंहि त्यांनीं लिहून ठेविलें आहे. पुढें १९३० ते १९४० या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां, या मार्केटास महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. ज्यानें इमारतीस विरोध केला त्याचेंच नांव आज तिच्यावर आहे! यांत विसंगति आहे खरी. परंतु भाजी घेण्यास येणाऱ्या प्रत्येकानें आंत शिरतांना, ही भाजी कोणाच्या घामाची, असें विचारणाऱ्या मनुष्याचें नांव वाचावें, हें मला त्या दिवशीं योग्यच वाटलें. असें मनांत म्हणतच मी भाजी घेण्यास पुढें झालों.

इमारतीच्या बाहेर, भिंतीच्या कडेला, बारदानावर मेथी मांडून एक वृद्ध बाई बसली होती. मीं विचारलें, "आजी, जुडी केवढ्याला?"

"वीस, दादा. पहांटेची आहे. पान बघा."

"दहा देतों."

"दहाला मलाच पडत नाहीं."

आणि तेव्हां माझ्या तोंडून पुढील शब्द निघाले. ते जसेच्या तसे लिहितों. "आजी, मी आतांच गुलटेकडीहून येतों आहें. तिकडे मेथी शेकडा चारशेंनीं गेली. चार रुपयांची जुडी, आणि तुम्ही वीस सांगतां?"

ती म्हणाली, "मग तिकडेच घ्यायची होती, दादा."

मी हसलों, आणि दोन पावलें पुढें टाकलीं. हीं दोन पावलें काय असतात हें प्रत्येक गिऱ्हाइकाला व प्रत्येक विकणाराला ठाऊक असतें. तिनें मागून हांक मारली, "अहो, भवानीची वेळ आहे, असें परत नका जाऊं. घ्या बारानें." पहिलें गिऱ्हाईक परत गेल्यास दिवस वाईट जातो असें या लोकांना वाटतें. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाहीं, व त्याविरुद्ध मीं अनेकदां उपदेशहि केला आहे. परंतु तिच्या विश्वासाचा फायदा घेण्यास मला त्या वेळीं तिळमात्र संकोच वाटला नाहीं. दोन जुड्या चोवीस रुपयांस घेतल्या. चाळीसांतले सोळा वांचले. मोठी लढाई जिंकल्यासारखें वाटलें. त्या भरांतच मीं तिला सहज विचारलें, "तुम्हांला केवढ्याला पडली?"

तिनें मुळींच न रागावतां सांगितलें. तिला शेकड्यानें माल घेण्याची ऐपत नाहीं. जे शेकड्यानें घेतात ते तो फोडून तिच्यासारख्यांना पन्नास-पन्नास जुड्या देतात. त्यांच्याकडून तिला आठ रुपयांस जुडी पडली. येथवर आणण्यास रिक्षावाल्यास शंभर रुपये दिले, म्हणजे जुडीमागें दोन. एवढें सांगून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी समोरच्या हॉटेलांत चहा घेण्यास बसलों आणि तिचा राहिलेला हिशेब मनांतल्या मनांत पुरा केला. पन्नास जुड्यांस पांचशें रुपये गुंतले. ऊन चढेपर्यंत त्यांतल्या दहा तरी माना टाकणार. उरलेल्या चाळीस माझ्यासारख्या हुशार मनुष्यांनीं बारानें नेल्या तर ४८० रुपये होतात. म्हणजे दिवसभर उन्हांत बसून तिला वीस रुपये पदरचे घालावे लागतील. चहा व पाव यांचे सोळांहून अधिक झाले. तेथें मीं घासाघीस केली नाहीं.

ती मेथी माझ्या शेजाऱ्याचीच होती असें मी म्हणत नाहीं. यार्डांत त्या रात्रीं हजारों जुड्या आल्या होत्या. परंतु ज्या चार रुपयांच्या आंकड्यानें पहांटे माझें रक्त तापलें, तोच आंकडा आठ वाजतां मीं त्या बाईविरुद्ध हत्यार म्हणून उचलला, ही गोष्ट कांहीं केल्या मनांतून जाईना. शेजाऱ्याचें दुःख मला माझ्या सोळा रुपयांसाठीं उपयोगी पडलें!

आतां प्रश्न असा कीं, यांत पाप तें कोणतें? मीं वजनांत फसविलें नाहीं. खोटी नोट दिली नाहीं. जो भाव सांगितला तो खरा होता. तिनें आपल्या तोंडानें बारा म्हटले, आणि मीं बारा दिले. वजनमापाविषयीं आपणांस कायदा आहे; काटा तपासला जातो, त्यावर सरकारी शिक्का असतो, व खोटा काटा आढळल्यास दंड होतो. परंतु भाव तपासण्याचा काटा कोठें आहे? वीस खरे, कीं बारा खरे, कीं चार खरे?

हा प्रश्न फार जुना आहे. सिसेरो या रोमन ग्रंथकारानें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथांत एक उदाहरण घेतलें आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें जहाज घेऊन तेथें येतो. मागून आणखी पुष्कळ जहाजें धान्य घेऊन येत आहेत हें त्याला ठाऊक आहे, तेथील लोकांना नाहीं. त्यानें तें सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? डायोजेनीस नांवाच्या तत्त्ववेत्त्याचें मत असें कीं, गप्प राहणें म्हणजे फसविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, मनुष्यांचें हित मनुष्यापासून लपविणें अयोग्य आहे. आणि सिसेरोनें अँटिपेटरची बाजू घेतली. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें हाच प्रश्न पुन्हा घेऊन, न्यायाच्या दृष्टीनें तो बांधलेला नाहीं, पण सांगितल्यास अधिक सद्गुणी ठरेल, असा मधला निकाल दिला. हे थोर लोक विकणाराला ठाऊक असलेल्या गोष्टीविषयीं बोलतात. माझ्या बाबतींत उलट होतें. मी गप्प राहिलों नाहीं. मीं खरें तेंच बोललों, आणि त्या खऱ्यानेंच तिला दाबलें. खरें बोलणेंहि अन्याय करूं शकतें, हें त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

ऑगस्टिन याची एक गोष्ट याहून जवळची आहे. स्वस्त घ्यावें व महाग विकावें ही इच्छा सर्वांस असते अशी लोकांची समजूत आहे, असें सांगून तो म्हणतो कीं, मला तर असा एक मनुष्य ठाऊक आहे कीं, ज्याला एका अजाण विक्रेत्यानें एक ग्रंथ फार थोड्या किंमतींत देऊं केला असतां, त्यानें न मागतां त्याची योग्य किंमत दिली. यावरून एवढें ठरतें कीं, ही इच्छा पाऊस पडण्यासारखी अटळ नाहीं. ती आपण धरितों म्हणून असते. शलमोनानेंहि नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांत, घेतांना मालाला नांवें ठेवून घरीं गेल्यावर फुशारकी मारणाऱ्या गिऱ्हाइकाचें चित्र काढलें आहे. तें वाचून आपण हसतों. मीहि हसलेला आहें.

येथें कोणी म्हणेल, शेतकऱ्याला चार आणि गिऱ्हाइकाला वीस, मग मधले सोळा खातो कोण? त्या चोराला धरावें. मीं हा चोर पुष्कळ शोधला. रिझर्व्ह बँकेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, गिऱ्हाइकाच्या एका रुपयांतून टोमॅटो पिकविणाराला सुमारें ३३ पैसे, कांदा पिकविणाराला ३६ व बटाटा पिकविणाराला ३७ पैसे मिळतात. माझ्या बारा रुपयांतले चार म्हणजे तितकेच झाले. बाकीच्यांत शेकडा फोडणारा आहे, ज्याचा माल उरला तर त्याच्याच अंगावर पडतो. रिक्षावाला आहे. सुकलेल्या जुड्या आहेत. आणि ती बाई आहे. मधले कांहीं लोक वाजवीहून अधिक घेत असतील, नव्हे, घेतातच. पण त्या सकाळीं मीं ज्याच्या हातांतून पैसे काढून घेतले तो हात त्यांचा नव्हता. आपला राग ज्याच्यावर असतो त्याच्यापर्यंत आपला हात क्वचितच पोहोंचतो. जो जवळ सांपडतो त्यालाच आपण पिळतों.

मग घासाघीस मुळींच करूं नये काय? असा नियम घालण्यास मी धजत नाहीं. झाडूकामाच्या पगारावर चार मुलें वाढविणाऱ्या विधवा भगिनी आपल्यांत आहेत. त्यांनीं पाव किलो वांग्यांसाठीं दोन रुपये कमी करून घेतले तर त्याला लोभ म्हणण्यास जीभ कशी वळेल? शिवाय विकणारेहि वीस सांगतात तें बारा-पंधरा यावेत म्हणूनच सांगतात. भाव करणें हें पुष्कळ अंशीं दोन माणसांचें बोलणें असतें, व तें बोलणें नाहींसें व्हावें असें मला वाटत नाहीं. ज्या थंड दुकानांत पिशवीवर किंमत छापलेली असते तेथें कोणी ब्र काढीत नाहीं, आणि तीच माणसें बाहेर येऊन फुटपाथवरच्या म्हातारीशीं पांच रुपयांसाठीं भांडतात. छापील किंमत आपल्याला न्यायाची वाटते, याचें कारण तिला तोंड नसतें, एवढेंच.

माझ्या मतें सगळा फरक त्या दोन पावलांत आहे. दोघेहि उठून जाऊं शकतील तेथें घासाघीस हा एक खेळ आहे, व त्यांत कोणाचें नुकसान नाहीं. परंतु मी पुढें गेलों तर मला पलीकडे दुसरी मेथी मिळते. ती उठून कोठें जाणार? तिचा माल संध्याकाळपर्यंत मरतो, माझा पैसा मरत नाहीं. यार्डांत माझ्या शेजाऱ्याचीहि हीच स्थिति होती. आठशें जुड्या घरीं परत नेऊन तो काय करणार होता? जो परत जाऊं शकत नाहीं त्याच्यासमोर दोन पावलें टाकून दाखविणें, यांतच जें काय अयोग्य आहे तें आहे. आणि प्रामाणिकपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मीं तिला पुरे वीस दिले असते तरी त्यांतला एक पैसाहि माझ्या शेजाऱ्याच्या वाफ्यापर्यंत पोहोंचला नसता. त्यासाठीं दुसरे उपाय पाहिजेत: चौघांनीं मिळून टेंपो करणें, सगळ्यांनीं एकाच आठवड्यांत एकच भाजी न पेरणें, वगैरे. त्यांविषयीं आमच्या वस्तीवर बोलणें चालू आहे. अजून जमलेलें नाहीं.

महिन्याभरानें पुन्हा पुण्यास जाणें झालें, तेव्हां मी मुद्दाम त्याच जागीं गेलों. आजी होती. तिनें मला ओळखलें नाहीं. मेथी केवढ्याला, म्हणून विचारतां ती म्हणाली, "पंधरा." मीं कांहीं न बोलतां तीस रुपये पुढें केले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "भाव नाहीं केला, दादा? कांहीं राग आहे का?" नाहीं म्हटलें, तेव्हां तिनें शेजारच्या बाईच्या राशींतून कोथिंबिरीच्या चार काड्या उचलून माझ्या पिशवींत टाकल्या, व त्यावरून त्या दोघींचें थोडें जुंपलेंहि.

या खेपेस भाजी घरींच न्यावयाची होती. गांवीं उतरतांना तोच शेजारी स्टँडवर भेटला. त्यानें पिशवींत डोकावून पाहिलें आणि विचारलें, "केवढ्याला आणली?" मीं सांगितलें.

तो मनापासून हळहळला. "पाळकसाहेब, पंधरा दिले? ठकवलें कीं तुम्हांला. दहा म्हणायचे, अन् चालूं लागायचें. झक मारून दिली असती तिनें."